सात आटे

आमच्या कात्लेहाँग वस्तीत कुणालाही विचारा, लेफा कशानं मेला? टॅक्सीवाला सांगेल, शाळकरी पोर सांगेल, "सुपाच्या स्पेसरनं." त्यातल्या निम्म्यांनी जन्मात स्पेसर हातात धरलेला नाही. पण तोंड चालवायला काय जातंय? माझ्याच टपरीवर उभं राहून, माझ्याच हातच्या माग्विन्या, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, आणि आंब्याचं लोणचं खाता खाता लोक हे बोलायचे, आणि चार वर्षं मी कढईत झारा हलवत गप्प राहिले. माझ्यासारखी तोंडाळ बाई गप्प राहते म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार, हे इतक्या वर्षांत एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सुपा म्हणजे एलायजा मोतौंग. आमच्या सोथो भाषेत सुपा म्हणजे सात. तोंडावर मी त्याला न्ताते म्हणायची, वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात तसं, आणि पाठ फिरली की सुपा. जर्मिस्टनच्या एका कारखान्यात त्यानं बावीस वर्षं लेथ चालवली. कारखाना बंद पडला तेव्हा तीच लेथ लिलावात घेऊन तो आमच्या गल्लीत आला आणि माझ्या टपरीच्या भिंतीला भिंत लावून पत्र्याचं दुकान टाकलं. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. बोलायचा कमी, मोजायचा जास्त.

आमच्या पोरांना जुन्या चौकोनी जर्मन गाडीचं वेड. सहा सिलिंडरची, गुशेशे म्हणतात तिला. शनिवारी मैदानावर ती गरागरा फिरवायची, टायरचा धूर काढायचा, आणि गाडी फिरत असताना दारातून बाहेर लोंबकळायचं. अशा गाडीला मूळची बारकी चाकं कोण ठेवणार? पोरांना रुंद चाकं हवीत. रुंद चाक आतल्या बाजूला घासतं. मग चाक ज्यावर बसतं तो हब आणि चाक यांच्यामध्ये अ‍ॅल्युमिनियमची जाड चकती घालायची, म्हणजे चाक बाहेर सरकतं आणि गाडी कशी छाती काढून उभी राहते. हा झाला स्पेसर. बाजारात तयार मिळतात, पण ते गाडीगाडीला नीट बसत नाहीत. सुपाचा स्पेसर हबवर बसला की केसभर हलायचा नाही. कडेला एक बारीक सातचा आकडा ठोकलेला असायचा. स्प्रिंग्सपासून फॉसलूरसपर्यंतची पोरं त्या आकड्यासाठी यायची.

खरी गोष्ट बोल्टची होती. चकती वीस मिलीमीटरची असेल तर बोल्टही तेवढाच लांब पाहिजे. जुना बोल्ट घातला तर तो चकतीतच संपतो, पलीकडे हबला नुसता चाटून जातो. सुपा नवे लांब बोल्ट द्यायचा, आणि प्रत्येक बोल्ट आधी पाना न लावता नुसत्या हातानं फिरवायचा. मोठ्यानं मोजत. न्ग्वे, पेदी, थारो, असं करत करत सुपापर्यंत. सात आटे हातानं बसले तर बोल्ट पास. चार चाकांचे सोळा बोल्ट, आणि प्रत्येकाचे सात. भिंतीपलीकडून ते ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं. एकदा मी ओरडले, न्ताते, मनात मोजता येत नाही का? तो म्हणाला, मनात मोजलं की माणूस स्वतःला फसवतो.

दुसऱ्या दिवशी गाडी परत आणायची, तो पुन्हा आवळून बघणार. आणि तिसरी गोष्ट, ज्यावरून पोरं त्याला शिव्या घालायची: काढलेले जुने बोल्ट तो परत द्यायचा नाही. दुधाच्या पावडरच्या डब्यात घालून, वर गाडीवाल्याचं नाव चिकटवून फळीवर ठेवायचा. स्पेसर परत आणा, डबा घेऊन जा. बोल्टचोर म्हणायचे त्याला. मीसुद्धा म्हटलंय, चार लोखंडाच्या तुकड्यांसाठी कशाला वैर घेता? तेव्हा त्यानं जे सांगितलं ते मी शब्दाला शब्द विसरले नाही. "मापुले, जुना बोल्ट घरात असला की कधीतरी कुणीतरी तो लावतंच. वाईट माणूस नाही लावत. घाईतला लावतो."

मापुले म्हणजे पुलेची आई, म्हणजे मी. नवरा गेला तेव्हा पुले अकरा वर्षांचा, आणि त्याच्या मागे तिघं. दर मंगळवारी सुपा रक्तदाबाच्या गोळ्या आणायला दवाखान्यात जायचा, तेव्हा दुकानाची दुसरी किल्ली माझ्याकडे. अख्ख्या कात्लेहाँगमध्ये त्यानं किल्ली दिली ती मला एकटीला.

पाकिसो आमच्या भागातला सगळ्यात भारी गाडी फिरवणारा. मैदानात राक्षस आणि दुकानात गाय. दुसऱ्या दिवशी न सांगता गाडी परत आणणारा तो एकटाच, म्हणून सुपाचा त्याच्यावर जीव. त्याची आई, मापाकिसो, माझी चर्चमधली सोबतीण, गाण्याच्या रांगेत माझ्या शेजारी उभी राहणारी. एकोणतिसाव्या वर्षी पोराची मूत्रपिंडं निकामी झाली. सात महिने मशीनवर काढले आणि ऑगस्टमध्ये गेला.

आमच्याकडे असा गाडीवाला गेला की त्याची गाडी त्याच्यासाठी फिरवतात. दफन उरकलं, हात धुतले, जेवणं झाली की मैदानात त्याचीच गाडी, त्याच्याच चाकांवर, भावानं नाहीतर जवळच्या मित्रानं फिरवायची. रडून झालेल्या लोकांना तेवढाच जरा श्वास मिळतो. पाकिसोची गाडी त्याचा धाकटा भाऊ लेफा फिरवणार हे ठरलेलंच होतं.

शुक्रवारी रात्रभर जागरण, गाणी, प्रार्थना. पहाटे आम्ही बायका अंगणात तीन पायांची हंडी मांडून बसलो होतो. तेवढ्यात सुपा आला आणि पोरांना म्हणाला, मी चाकं बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही. महिनोन्महिने उभी आहे ती. मला इतका राग आला. आतल्या खोलीत पोर पेटीत निजलंय, आई भिंतीशी गादीवर बसलीय, आणि ह्याला चाकं सुचतायत. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "न्ताते, मयताच्या घरात तरी बोल्ट मोजू नका. पोरांना मोकळेपणी रडू द्या."

तो म्हणाला, "रडू दे की. चाक बघून रडू दे."

मी तोंड फिरवलं आणि कोबी चिरायला घेतला. तो दफन उरकल्यावर बघतो, एवढं पुटपुटून गेला.

आणि पोरांनी काय केलं? वेडाला काय शिंगं असतात? पाकिसोचे चार जिवलग मित्र. त्यांच्या मनात आलं, त्याच्याबरोबर त्याच्या गाडीतलं काहीतरी गेलं पाहिजे. उजाडताना त्यांनी मागचं उजवं चाक उघडलं, जॅक लावून गाडी तशीच ठेवली, आणि त्या चाकाचे चार लांब बोल्ट प्रत्येकी एक खिशात घातले. मी बघितलं हे. मला ते छान वाटलं, खोटं कशाला बोलू. कबरस्तानात पेटी खाली उतरल्यावर चौघांनी एकेक बोल्ट कबरीत टाकला. लाकडावर पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला म्हणतात. सुपानंही ऐकला असणार. पण तो त्या वेळी फावडं घेऊन रांगेत उभा होता. आमच्यात कबर भरल्याशिवाय पुरुष माणूस पाठ फिरवत नाही.

कबर भरून झाल्यावर लेफा पहिल्या गाडीनंच परत आला होता. मी जेवणाच्या जास्तीच्या थाळ्या आणायला टपरीवर आले होते, तिथं तो धापा टाकत आला. चोवीस वर्षांचं पोर, काळा कोट, बुटांना लाल माती.

"मा, न्तातेच्या दुकानाची किल्ली दे. दादाच्या डब्यातले चार बोल्ट पाहिजेत."

मी म्हटलं, म्हातारा येऊ दे. तो म्हणाला, म्हातारा शेवटच्या बसनं येणार, तोवर लोक जेवून पांगतील. आणि मग रडायलाच लागला. उभ्या उभ्या, हात लोंबते सोडून. "आज दादाची गाडी जॅकवर उभी नाही राहणार, मा. एकच फेरी मारतो."

मला नियम माहीत नव्हता असं नाही. मोजणी माझ्याइतकी कुणी ऐकली होती? पण सकाळचा राग पोटात होता. म्हटलं, मरो तो म्हातारा आणि मरोत त्याचे डबे, एका लेकराचं मन मोडायचं का चार बोल्टांपायी? एप्रनला हात पुसले, कुलूप काढलं, फळीवरून पाकिसोच्या नावाचा डबा उतरवला. सोळातले चार मोजून त्याच्या हातावर ठेवले. ठेवताना विचारलंही, "बसतात का रे? किती आटे बसतात?"

रडता रडता तो हसला. "तूपण सुपा झालीस की, मा." आणि मीही हसले. बाकी सगळं एक वेळ विसरेन, ते हसणं विसरता येत नाही.

मी परत हंड्यांपाशी गेले. बसेस आल्या, लोक फाटकात ठेवलेल्या पाण्यात हात धुऊन आत आले, जेवणं सुरू झाली. मैदानाकडून इंजिनाचा आवाज यायला लागला. तेवढ्यात फाटकासमोरून सुपा पळत गेला. तो माणूस कधी भरभर चाललेलाही मी बघितला नव्हता. एका हातानं टोपी धरलेली, दुसऱ्या हाताची मूठ आवळलेली, दुकानाकडून मैदानाकडे. मग इंजिनाचा आवाज तुटला आणि बायकांचा सुरू झाला.

लेफानं दार उघडलं होतं, उंबऱ्यावर पाय ठेवून एका हातानं स्टिअरिंग धरलं होतं, जसं पाकिसो करायचा. तिसऱ्या फेरीला मागचं उजवं चाक निघून कुंपणावर गेलं. गाडी त्या बाजूला बसली, झटका बसला, पोर खाली आणि गाडी त्याच्यावर. दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. एका आईनं सकाळी एक पुरला आणि संध्याकाळी तिला दुसऱ्याचे बूट पिशवीत घालून दिले.

मातीत चकती सापडली. कडेला सातचा आकडा. तो आकडा हातोहात फिरला आणि सूर्य मावळायच्या आत सगळ्यांचं ठरून गेलं.

लेफाचं दफन झाल्यावर सोमवारी घरच्यांनी मापाकिसोच्या अंगणात बैठक बोलावली. पुरुष खुर्च्यांवर, आम्ही बायका चटयांवर. पाकिसो-लेफाचा मामा प्रश्न विचारत होता. चार मित्रांतला मोखेले रडत रडत सांगत होता की लांब बोल्ट आम्ही कबरीत टाकले, मग लेफा कुठूनतरी चार आखूड बोल्ट घेऊन आला, ते आम्ही लावले, पान्यानं आवळलेही. मामा म्हणाला, कुठूनतरी म्हणजे? आखूड बोल्ट तर मोतौंगच्या कुलपात असतात. मग कुलूप कुणी उघडलं? किल्ली कुणाकडे होती?

माझे हात मांडीवर होते. मी मापाकिसोकडे बघितलं. ती काळ्या शालीत बसली होती, नजर चटईवर. बाहेर गल्लीत तरणी पोरं जमली होती, त्यांच्यातल्या एकाच्या हातात कॅन होता, पेट्रोलचा वास मला इथवर येत होता. माझी टपरी लाकडाची. आत पुलेची तीन भावंडं झोपायची.

सुपा उठला. टोपी काढून छातीशी धरली. "किल्ली माझीच," तो म्हणाला. "कबरीवर लेफानं मला विचारलं. मी किल्ली दिली, घे म्हणालो. बोल्ट मी दिले."

मामा म्हणाला, "तू दिलेस? सात मोजणारा तू?"

"मीच. चुकलो."

बस. एवढंच बोलला आणि उभाच राहिला. मामानं त्याला म्हातारपणाकडे बघून मारू दिलं नाही, पण थुंकणारे थुंकले. मी चटईवर बसूनच होते. मी नुसती उठले असते तरी पुरे होतं. नाही उठले.

त्या संध्याकाळी मी त्याच्या दुकानात गेले. म्हटलं, न्ताते, का केलंत हे? तो लेथ पुसत होता. वर न बघता म्हणाला, "तुझ्या टपरीवर पाच पोटं आहेत, मापुले. माझ्या लेथवर एकच. जा, कढई तापली असेल." मी किल्ली पुढे केली. ती त्यानं घेतली नाही. "मंगळवारी दवाखान्यात जायचंय मला," म्हणाला.

पोरं येऊन त्याचे स्पेसर भिंतीवरून अंगणात भिरकावून गेली. सतरा जोड्या मी मोजल्या. नवं गिऱ्हाईक शून्य. कुणीतरी दारावर लाल रंगानं मोठा सात काढला आणि त्यावर फुली मारली. त्यानं ती पुसली नाही. रोज सकाळी तो दुकान उघडायचा, एक जुना हब शिकंज्यात पकडायचा आणि त्यात एक बोल्ट हातानं फिरवायचा. न्ग्वे, पेदी, थारो. सातपर्यंत जायचा, काढायचा, परत फिरवायचा. आधी ज्या मोजणीनं माझं डोकं उठायचं, तीच ऐकून आता मी कढईपाशी रडायची, आणि गिऱ्हाइकांना सांगायची, कांद्याचा झणका आहे. माग्विन्यात कांदा असतो का? कुणी विचारलंही नाही.

चार वर्षं असं चाललं. या जूनमधल्या एका सकाळी भिंतीपलीकडून मोजणी ऐकू आली नाही. मी किल्लीनं उघडलं. तो खुर्चीवर बसलेला होता, थंड पडला होता.

दफनाला अकरा माणसं होती, पाद्री धरून. ज्या माणसानं अर्ध्या कात्लेहाँगची चाकं बसवली, त्याच्यासाठी एक गाडी साधा भोंगा वाजवायलाही आली नाही. हंडी मी एकटीनं चढवली. मापाकिसो आली, मागे उभी राहिली, न जेवता गेली.

क्वाक्वाहून त्याची पुतणी आली होती. लेथ तिनं विकली, आणि डबे काय करायचे ते मावशी तुम्हीच बघा म्हणाली. मी एकेक उतरवत गेले. पाकिसोचा डबा हाताला जड लागला. उघडला. बारा जुने आखूड बोल्ट, आणि वर तेलाच्या फडक्यात गुंडाळलेले चार लांब, कोरे. त्या दिवशी मुठीत घेऊन पळाला होता ते. कबरीतला आवाज ऐकला होता त्यानं. तेवढेच चार घेऊन निघाला होता. माझ्यापेक्षा अर्धा तास उशीर झाला त्याला, बाकी काही नाही.

डबा घेऊन मी तशीच मापाकिसोकडे गेले. ती अंगणात धुणं वाळत घालत होती. मी सगळं ओकून टाकलं, उभ्यानंच. किल्ली, डबा, चार बोल्ट, हसले तेसुद्धा. मनाशी म्हटलं, मार मला, केस ओढ, काहीतरी कर.

तिनं हातातलं ओलं पोलकं परत बादलीत टाकलं. "लेफाला कुठं माहीत होतं किल्ली तुझ्याकडे असते ते?" ती म्हणाली. "मी सांगितलं त्याला. तो म्हणत होता, न्ताते येईपर्यंत थांबू. मी म्हटलं, माझ्या पाकिसोची गाडी लोकांसमोर लंगडी उभी आहे, म्हातारा यायच्या आत मापुलेकडून बोल्ट घेऊन ये. मी पाठवलं."

मी म्हटलं, मग त्या सोमवारी, अंगणात?

"तू बोलशील म्हणून वाट बघत होते," ती म्हणाली. "तू बोलली असतीस तर मीही बोलले असते."

आम्ही दोघी पायरीवर बसलो. रडलो म्हणण्यासारखं रडलोही नाही. रविवारी चर्चमध्ये उभं राहून सांगायचं ठरवलं, आणि सांगितलं. आधी मी, मग ती. एकही गोष्ट लपवली नाही. लोकांनी ऐकून घेतलं, कुणीतरी आमेन म्हणालं. बाहेर आल्यावर मुलांचा मामा आमच्यापाशी आला. मला वाटलं, आता हा थोबाडीत देतो. त्यानं हळूच माझा दंड धरला, आजारी माणसाचा धरतात तसा.

"मापुले," तो म्हणाला, "मेलेल्या माणसाची दया येते, मला समजतं. तुम्हा दोघींचं मन मोठं आहे. पण तो चारचौघांत स्वतः उभा राहून म्हणाला, बोल्ट मी दिले. आणि एलायजा मोतौंग काही म्हण, जन्मात कधी खोटं बोलला नाही."